गारगोटीची जमीन

पायांखालच्या जमिनीविषयी लेख लिहिण्याची पाळी आमच्यावर कधी येईल असे आम्हांस वाटले नव्हते. भिंतींविषयी माणसे बोलतात, छपराविषयी तर पावसाळ्याच्या तोंडावर सारे गाव बोलते. पण जमीन जोवर सुस्थितीत असते तोवर तिचे कोणी नाव काढीत नाही. तिचे नाव निघू लागले की समजावे, कोणाचा तरी पाय घसरला आहे. आमच्या घरी तसेच झाले. मात्र पाय घसरला तो पुण्यातील आमच्या मोझाइकच्या फरशीवर नव्हे, तर अमेरिकेतील कोलोराडो संस्थानात, समुद्रसपाटीपासून सहा हजार फूट उंचीवर. आणि तोही आमचा नव्हे. आमचा घसरला असता तर हा लेख लिहावयास आम्ही बसलोच नसतो. आपल्या चुकीचे फळ आपणच भोगले म्हणजे मनुष्य ती लवकर विसरतो.

आमचे चिरंजीव कोलोराडो स्प्रिंग्ज या गावी नोकरीनिमित्त राहतात. गावाच्या पश्चिमेस पाइक्स पीक हा १४,११५ फूट उंचीचा पर्वत उभा आहे आणि गाव त्याच्या पायथ्याशी वसले आहे. पण हा पायथादेखील आपल्या कळसुबाईच्या शिखरापेक्षा पाचसहाशे फूट उंच भरतो. सन २०१८ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता प्रथमच तेथे गेलो, तेव्हा मुलाने आम्हांस पुढच्या दाराने न नेता गॅरेजातून घरात नेले. आपल्याकडे गॅरेज म्हणजे बिघडलेली मोटार जेथे नेतात आणि पुष्कळदा जेथून ती अधिक बिघडून परत येते ते ठिकाण. तिकडे गॅरेज ही मोटारीची पागा. ती घराला लागूनच असते, दोन मोटारी मावतील एवढी ऐसपैस असते, आणि घरची माणसे जातात-येतात ती बहुतेक तिच्यातूनच. पुढचे दार टपालवाल्याकरिता व पाहुण्यांकरिता. त्या घराचा खरा उंबरठा कोणता म्हणाल, तर ही पागा. तिची जमीन साध्या काँक्रीटची होती. तीवर तेलाचे काळे डाग होते, दाराजवळ समुद्रकाठच्या वाळूवर भरतीच्या रेघा उमटाव्यात तशा मिठाच्या पांढऱ्या रेघा होत्या, आणि एका कोपऱ्यातून निघालेली भेग वाकडीतिकडी होत मधोमध येऊन थांबली होती.

डोंगराळ मुलखातील हिवाळा काँक्रीटाला कसा खातो हे आम्ही तेथे पाहिले, म्हणून थोडे सांगतो. पाणी गोठले म्हणजे सुमारे ९ टक्क्यांनी फुगते, हे शाळेत सर्वांनीच घोकलेले असते. काँक्रीट वरून कितीही घट्ट दिसले तरी त्याच्या अंगात सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांत मुरलेले पाणी गोठले की ते आतून ढुशा देऊ लागते. सपाटीवरच्या थंड देशांत थंडी एकदा आली म्हणजे मुक्काम ठोकून राहते. येथे तसे नाही. कोलोराडोत भर हिवाळ्यातही दुपारी लख्ख ऊन पडते, बर्फ वितळते, आणि सूर्य पर्वताआड गेला की त्याच पाण्याचा पुन्हा दगड होतो. ही उठाबशी एकाच हिवाळ्यात कितीदा तरी चालते. काँक्रीट कालविताना त्यात हवेचे बारीक बुडबुडे मुद्दाम कोंडले तर गोठणाऱ्या पाण्यास फुगावयाला जागा मिळते, हे अमेरिकेतील रस्ते बांधणाऱ्यांच्या १९३० नंतरच्या दशकात ध्यानात आले, आणि तेव्हापासून थंड मुलखात तसे काँक्रीट घालतात. त्यामुळे बर्फाशी एक वेळ तह होतो. मिठाशी होत नाही. रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून त्यावर मीठ व मॅग्नेशियम क्लोराइड टाकतात. मोटार तो सगळा खारट चिखल मडगार्डांत भरून घरी आणते. पागेत तो वितळतो आणि ते खारे पाणी जमिनीत मुरते. त्यांतले मॅग्नेशियम तर सिमेंटचे कण ज्या द्रव्याने एकमेकांस धरून असतात त्या द्रव्याचीच खोड काढते. कोकणात समुद्राकाठच्या घराच्या भिंतीला लोणा लागतो आणि बोट लावताच गिलावा पिठासारखा गळतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस अधिक सांगणे नको.

ही जमीन झाकून घ्यावी असे मुलाच्या मनात होते. त्याने चौकशीही करून ठेविली होती. आधी काँक्रीट यंत्राने घासून काढावयाचे, त्यावर इपॉक्सीचा हात द्यावयाचा, तो ओला असतानाच क्वार्ट्झचे, म्हणजे आपल्या गारगोटीचे, रंगीत दाणे त्यावर पसरावयाचे, आणि ते बसल्यावर वरून आणखी दोन हात द्यावयाचे. कारागिरांनी सांगितलेला आकडा त्याने आम्हांस सहज सांगितला. परदेशी मुलाकडे गेलेल्या बापास एक खोड असते. डॉलरचा आकडा कानी पडला की त्याचे मन आपोआप गुणाकार करू लागते. त्या वर्षी आम्ही सत्तराने गुणीत होतो. गुणाकार संपला आणि आम्ही म्हणालो, "अरे, एवढ्या पैशांत आपल्याकडे माणूस घर बांधतो." हे खरे नव्हते, पण अशा वेळी बापाचे सगळेच बोलणे खरे असते असे नाही. बाजारात या कामाची तयार पेटी मिळते असे आम्हांस शेजाऱ्याकडून कळले होते. तिच्यात दोन डबे असतात, जमीन धुण्याचे औषध असते, आणि कृतीचा कागद असतो. घसरू नये म्हणून रंगात मिसळावयाची बारीक रेती मात्र निराळी विकत घ्यावी लागते.

"ती रेती घेऊ या, बाबा," मुलगा म्हणाला. "बर्फाचे पाणी पडले की जमीन निसरडी होते."

आम्ही म्हणालो, "तुझ्या पणजीचा सारा जन्म तांदळांतले खडे वेचण्यात गेला, आणि तू पैसे देऊन जमिनीत खडे घालणार! माणूस पाय उचलून चालला की घसरत नाही."

सुनेच्या तोंडावर हसू आले, ते तिने आवरले. मुलाने वाद घातला नाही. तो आमच्या मुक्कामात कशावरही वाद घालीत नसे. ही गोष्ट आम्ही आमच्या मुद्द्यांच्या जोरावर लिहीत होतो.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी व रविवारी आम्ही दोघा बापलेकांनी ते काम केले. ते दोन दिवस फार सुखाचे गेले हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मुलगा आणि आम्ही असे अंगमेहनतीचे काम पूर्वी एकदाच मिळून केले होते. १९९४ साली दिवाळीपूर्वी घराला चुना दिला तेव्हा. त्या वेळी ब्रश त्याच्या हातापेक्षा मोठा होता. आता रोलर त्याच्या हाती होता आणि डबा आमच्या. जमीन औषधाने धुतली, ती कोरडी झाली असे आम्ही डोळ्यांनी ठरविले, दोन डब्यांतील द्रव्ये एकत्र ढवळली, आणि मागच्या भिंतीपासून दाराकडे रंग देत आलो. थंडीचे दिवस असल्याने ऊन छान वर येईपर्यंत थांबलो होतो, म्हणून शेवटचा हात फिरविला तेव्हा सूर्य पर्वताआड गेला होता. राखी रंगाची ती जमीन दिव्याच्या उजेडात अशी चमकली की, तीत छपराचे वासे दिसू लागले. आम्ही सौ.ला बोलावून दाखविले. ती म्हणाली, "छान आहे, पण हिच्यावर चालायचे कसे?" आम्ही हसलो.

तीन आठवड्यांतच रंग उठू लागला. मोटार लांबून आली की तिचे टायर तापलेले असतात. तिच्या भाराखाली रंगाचा पातळ थर मऊ होऊन टायरला धरतो, आणि टायर निवताना आकसला की त्या रंगाला आपल्याबरोबर ओढतो. जेथे मोटारीची चाके थांबत तेथे बरोबर चार चकत्या निघाल्या. त्या उचलून पाहिल्या तर त्यांच्या पाठीला सिमेंटची पांढरी भुकटी चिकटलेली. नव्या काँक्रीटवर थापी फिरविली म्हणजे दुधावर साय यावी तसा सिमेंटचा एक अशक्त पापुद्रा वर येतो. आमच्या औषधाने तो निघाला नव्हता. आमचा रंग त्या सायीला चिकटून बसला होता, आणि साय कोणालाच चिकटलेली नव्हती. शिवाय रात्रीच्या थंडीत इपॉक्सी नीट आळत नाही, तीवर ओशट पांढुरका थर येतो. हेही कृतीच्या कागदावर छापलेले होते. कागद आम्ही वाचला होता. पण आपणांस जे करावयाचे आहे त्याला आधार शोधण्याकरिता वाचला होता.

रंग उठला त्याचे दुःख आठ दिवसांचे. जेथे तो उठला नाही तेथे पुढचा प्रकार घडला.

२०१९ च्या जानेवारीत एका दुपारी सौ. आणि सूनबाई बाजारातून आल्या. सकाळी बर्फ पडले होते, मोटारीखाली पाणी साचत होते. आम्ही घरात जाण्याच्या दारात, दोन पायऱ्यांवर, त्यांची वाट पाहत उभे होतो. सौ. मोटारीतून उतरली, भाजीची पिशवी तिने डाव्या हातात घेतली आणि आमच्याकडे पाहून काहीतरी बोलू लागली. ती पाय उचलूनच चालत होती. आम्ही तिच्या पायांकडे पाहत होतो, म्हणून हे निश्चित सांगू शकतो. तिसऱ्या पावलाला तिचे दोन्ही पाय पुढे गेले, आणि जमिनीस टेकलेल्या उजव्या हाताचा आवाज आम्ही पायरीवर ऐकला.

मनगटाचे हाड मोडले होते. इस्पितळात हात प्लास्टरमध्ये घातला. सहा आठवडे तो तसा राहिला. त्या रात्री मुलाने घरातले सारे पुठ्ठ्याचे खोके फाडून पागेत मोटारीपासून पायरीपर्यंत अंथरले. आम्ही मदत करावयास गेलो, तर तो म्हणाला, "तुम्ही आत बसा, बाबा, गार आहे." त्याने त्या दिवशी किंवा पुढे कधीही रेतीचे नाव काढले नाही. त्याने एकदा बोलून दाखविले असते तर आम्ही त्याला काही उत्तर दिले असते, दोघेही रागावलो असतो, आणि आठ दिवसांत सारे मिटले असते. न बोललेल्या गोष्टीला उत्तर कसे द्यावे हे आम्हांस आजवर कळलेले नाही.

सौ. मात्र बोलली. प्लास्टरातला हात उशीवर ठेवून ती खिडकीशी बसत असे. एके दिवशी ती म्हणाली, "अहो, तुम्ही दोघे शिकलेले, पण मला एकदा विचारायचे होते." तिचे माहेर राजापूरकडचे, घराला मातीची जमीन होती आणि ती सारवण्याचे काम लग्नापर्यंत तिच्याकडे होते. तिने जे सांगितले ते तिच्याच शब्दांत देतो. "जमिनीचे पोपडे निघाले की आधी ते खरवडायचे. भुसभुशीत असेल तेवढे सगळे काढायचे. मग पाणी मारून चोपण्याने चोपायची, वाळू द्यायची, आणि मग शेणाचा हात. खरवडायचा कंटाळा केला की कितीही गुळगुळीत सारवा, चार दिवसांत पापड येतो. आणि बोटांची अर्धवर्तुळे उठवायची, ती काय नुसती शोभेची? पाय धरतो त्याने. आई आमची गुळगुळीत सारवू देत नसे. आजी घसरेल म्हणायची."

संसाराची अडतीस वर्षे झाली होती. ही माहिती तिने आम्हांस पूर्वी कधी सांगितली नव्हती, कारण आम्ही कधी विचारली नव्हती. आम्ही शहरात वाढलो. आमच्या कल्पनेप्रमाणे सारवणे म्हणजे शेण पसरणे.

मार्चमध्ये आम्ही परत आलो आणि जूनमध्ये पुन्हा गेलो, कारण सूनबाईंचे बाळंतपण ऑगस्टात होते. गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाने सांगितले की, जमिनीचे काम कारागिरांना दिले आहे. "आई बाळाला घेऊन याच जमिनीवरून येणार-जाणार," तो म्हणाला. "या वेळी मी विचारत नाही, बाबा. सांगतो आहे." आम्ही मान हलविली. सत्तराने गुणण्याचे काम त्या दिवशी आमच्या मनाने केले नाही.

जुलैच्या आरंभी तिघे कारागीर आले. पहिल्या दिवशी त्यांनी रंगाचा डबाच आणला नाही, याचे आम्हांस नवल वाटले. त्यांच्या मुकादमाने हातभर लांबीरुंदीचे प्लास्टिकचे तुकडे जमिनीवर ठिकठिकाणी ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद केले आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्याने ते उचलले. तीन कोरडे निघाले. वायव्य कोपऱ्यातल्या तुकड्याच्या आत दहिवर पडल्यासारखे थेंब होते आणि खालचे काँक्रीट काळवंडले होते. त्याने बाहेर जाऊन पाहिले, तर छपराच्या पन्हळीची नळी नेमकी त्याच कोपऱ्याशी जमिनीत पाणी सोडीत होती. वर कितीही उत्तम लेप द्या. खालून ओल चढू लागली की ती त्याला फोडासारखे फुगविते व उचलून टाकते. नळी लांब नेली, आणि पहिला हात ओल अडविणाऱ्या खास इपॉक्सीचा द्यावयाचे ठरले. ही ओल आम्ही गेल्या वर्षी डोळ्यांनी तपासली होती.

नंतर घासण्याचे यंत्र आले. त्याच्या चाकांत हिऱ्याचे कण बसविलेले असतात. आमचा राखी रंग, त्याखालची साय आणि तेलाचे डाग हे सर्व त्याने दोन तासांत उतरविले, आणि खाली खडीचे दाणे दिसणारे खरखरीत, कोरे काँक्रीट निघाले. यंत्राला जाड नळी जोडलेली होती, ती धूळ तेथल्या तेथे ओढून घेत होती. तरी तिघांनीही तोंडाला मुखवटे बांधले होते आणि आम्हांस त्यांनी आत येऊ दिले नाही. ही काळजी नखऱ्याची नव्हे. काँक्रीटमध्ये वाळू असते, वाळूत गारगोटी असते, आणि गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसात गेली की तेथे कायमची राहते. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि त्याला औषध नाही. गोध्र्याकडील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत मजुरीस गेलेले मध्य प्रदेशातील झाबुआ-अलिराजपूरकडचे आदिवासी याच रोगाने मेले. दोनशेहून अधिक मृतांच्या वारसांस भरपाई द्यावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयास २०१६ साली गुजरात सरकारला द्यावा लागला. गारगोटी आमच्या मुलाच्या पागेत रंगीत, धुतलेली, पोत्यात भरून आली होती. ती कोणी दळली होती हे पोत्यावर लिहिलेले नव्हते.

मग ती भेग. मुकादमाने ती रुंद करून आतला चुरा काढला आणि भरली. पण भेगेची हमी देता येणार नाही असे त्याने स्वच्छ सांगितले. त्या पर्वताच्या पूर्वेकडील पट्ट्यात जमिनीखाली अशी चिकणमाती आहे की, पाणी प्याली म्हणजे ती फुगते व वाळली म्हणजे आकसते. तीवर टाकलेली लादी तिच्याबरोबर श्वास घेते. आम्हांस हे समजण्यास वेळ लागला नाही. सोलापूर-विदर्भाकडची आपली काळी माती त्याच गुणाची. उन्हाळ्यात तीत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या मिटतात. तीवर उथळ पायाचे घर बांधले तर भिंत दरवर्षी नव्याने लिहिते. ज्या गोष्टीची हमी नाही तिची हमी नाही असे सांगणारा कारागीर भेटला म्हणजे त्याच्या उरलेल्या कामावर विश्वास बसतो. आमचा त्याच क्षणी बसला.

इपॉक्सी म्हणजे काय हे वाचकांस ठाऊक नाही असे त्यांस उगीच वाटत असेल. प्रत्येक मराठी घराच्या एका खणात अराल्डाइटच्या दोन नळ्या असतात, आणि तुटलेल्या कपाच्या कानापासून गणपतीच्या मखरापर्यंत सर्व काही त्यांनी जोडले जाते. तीच ही इपॉक्सी. पिएर कास्तां या स्विस रसायनज्ञाला ही राळ साधली ती दातांच्या कवळ्यांसाठी काही द्रव्य शोधीत असताना. पुढे सिबा या स्विस कंपनीने १९४६ साली तिला अराल्डाइट या नावाने बाजारात आणले. एका नळीत राळ व दुसरीत तिला कठीण करणारे द्रव्य. ती वेगवेगळी असली तर वर्षानुवर्षे निवांत पडून राहतात. एकत्र आली की आतून तापू लागतात आणि परतीचा रस्ता उरत नाही. बादलीभर मिश्रण बादलीतच राहू दिले तर ते आपल्याच उष्णतेने धुमसू लागते. म्हणून ढवळले की लगेच जमिनीवर ओतावयाचे.

मुकादमाने ओतण्यापूर्वी एका लहानशा यंत्राने जमिनीची उष्णता व हवेतला दमटपणा मोजला. जमीन दवबिंदूपेक्षा तीन अंश तरी उबदार असली पाहिजे. नाहीतर डोळ्यांना न दिसणारे दव तीवर आधीच बसलेले असते. त्या मुलखात जुलैत रोज दुपारी पर्वतावरून गडगडाट करीत पाऊस येतो, म्हणून त्यांनी सकाळी सातलाच काम सुरू केले. लांब दांड्याच्या रबरी पट्टीने राळ सारखी केली. मग दोघांनी तळव्याला खिळे असलेले जोडे चढविले, ओल्या राळेवर सरळ चालत गेले, आणि काखेतल्या बादलीतून मुठीने गारगोटी फोकू लागले. फोकू लागले हाच शब्द बरोबर आहे. दाणा वर उडवून तो पावसासारखा खाली पडू द्यावयाचा. समोर मारावयाचा नाही, नाहीतर राळेत खड्डे पडतात. सौ. दारात उभी होती. ती म्हणाली, "भाताचा रोवा असाच टाकतात." ओला ठिपका कोठे दिसला की तेथे आणखी मूठ, जमीन आणखी दाणा घेईनाशी होईपर्यंत ते टाकीत राहिले. शेवटी राळ दिसेनाशी झाली आणि करड्या-तांबूस कोरड्या रेतीचे शेत तेवढे राहिले.

दुसऱ्या दिवशी न चिकटलेले दाणे झाडून काढले, आणि वरचे दोन हात दिले. शेवटचा हात इपॉक्सीचा नव्हता. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, ती पिवळी पडते. आणि दर हजार मीटर उंचीस सूर्याचे अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात, म्हणजे त्या गावी ऊन आपल्या कोकणातल्यापेक्षा या बाबतीत बरेच तिखट. दार उघडे राहिले की उन्हाचा पट्टा आत येतो, म्हणून वरून पॉलिअ‍ॅस्पार्टिक नावाचा उन्हास टिकणारा लेप दिला. सगळे मिळून जाडी भरली एक अष्टमांश इंच. मुलाने आम्हांस विचारले, "बाबा, पाय लावून बघता?" आम्ही अनवाणी उभे राहिलो. तळव्याला मांजराची जीभ लागावी तसे लागले. त्याने मध्ये एक तांब्याभर पाणी ओतले व पुन्हा चालावयास सांगितले. आम्ही चाललो. पाय उचलून न चालता, मुद्दाम घाशीत चाललो. तो आमच्या पायांकडे पाहत होता.

ऑगस्टात नात झाली. ती घरी आली त्या दिवशी मुलाने मोटार आत घेतली, सौ.ने बाळाला उचलले, आणि ती मोटारीपासून त्या दोन पायऱ्यांपर्यंत चालत गेली. अंतर बारा पावलांचे. आम्ही पिशव्या घेऊन मागे होतो, आणि पावले मोजीत होतो.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरास होते आणि दिवाळीतच बर्फ पडू लागले. अंगण पांढरे झाल्यामुळे सौ.ने रांगोळी पागेत, घरात जाण्याच्या दाराशी काढली. पुण्याहून नेलेली रांगोळीची पुडी तिने बेताबेताने वापरली. त्या उजव्या हाताने तिची रेघ आता पूर्वीसारखी येत नाही. कमळाच्या दोन पाकळ्या जाड झाल्या व एक अर्धवट राहिली. चार दिवसांनी ती पुसली, तर गारगोटीच्या दाण्यांमध्ये भुकटी बसून राहिली आणि कमळाचा पुसट आकार काही जाईना. पुढच्या रविवारी मुलगा गरम पाण्याची बादली व ब्रश घेऊन आला. दर बर्फानंतर मिठाच्या रेघा तो लगेच धुऊन काढतो. दाराशी पांढरे दिसले म्हणून तो तेथे वाकला.

"अरे, ते मीठ नव्हे," आम्ही म्हणालो.

त्याने वाकूनच पाहिले. मग बादली उचलली आणि दुसऱ्या टोकापासून धुवावयास लागला. आम्ही दुसरा ब्रश घेतला.